ब्रेटन वुड्सची परिषद आणि रायपूरचे दप्तर

दुसऱ्या महायुद्धातील मित्रराष्ट्रांच्या परिषदांचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच छायाचित्र उभे राहते: फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे एका प्रासादाच्या अंगणात मांडलेल्या तीन खुर्च्या आणि त्यांवर बसलेले चर्चिल, रूझवेल्ट व स्टालिन. त्या छायाचित्राचा पगडा इतका जबर आहे की, जगाचे भवितव्य या तिघांनी परस्पर ठरवले आणि आपण हिंदी लोक त्या साऱ्या व्यवहाराच्या सर्वस्वी बाहेर होतो, अशी समजूत आपल्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाने नकळत रूढ करून ठेवली आहे. ही समजूत अपुरी आहे, असे माझे मत आहे. आणि ती दुरुस्त करण्याचे कर्तव्य रायपूरच्या मराठी समाजावर इतरांपेक्षा काकणभर अधिकच येते. कारण त्या युद्धकाळातील ज्या परिषदेत हिंदुस्थानच्या खऱ्याखुऱ्या हिताचा प्रश्न जगाच्या समोर उघडपणे मांडला गेला, त्या परिषदेत हिंदी शिष्टमंडळाच्या वतीने बसलेला एक मराठी गृहस्थ तरुणपणी याच रायपूर जिल्ह्याच्या जमिनीचा बंदोबस्त करीत गावोगाव हिंडलेला होता.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ते गृहस्थ. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा बाणेदार पुरुष म्हणून, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर म्हणून, आणि थोड्या रसिकांच्या मंडळात कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारा संस्कृतज्ञ म्हणून. छत्तीसगडात मात्र त्यांचे नाव निघतच नाही म्हटले तरी चालेल. रायपूरच्या सेटलमेंट ऑफिसरपासून न्यू हॅम्पशायरमधील ब्रेटन वुड्सपर्यंतचा त्यांचा प्रवास ज्याने लक्षात घेतला, त्याला युद्धकालीन परिषदांचा अर्थ याल्टाच्या छायाचित्रापेक्षा निराळा दिसू लागेल.

त्या काळी हिंदुस्थानची स्थिती मोठी विलक्षण होती. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, युद्धनौकांवर भरलेल्या भेटीत चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी अटलांटिक सनद तयार केली आणि आपली राज्यव्यवस्था निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क तीत मान्य केला. परंतु महिना उलटतो न उलटतो तोच, ९ सप्टेंबर रोजी, पार्लमेंटमध्ये उभे राहून चर्चिल यांनी खुलासा केला की तो हक्क मुख्यतः नाझी वरवंट्याखाली सापडलेल्या युरोपीय राष्ट्रांकरिता आहे, आणि हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १ व २ जानेवारी १९४२ रोजी, वॉशिंग्टन येथे २६ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा सही करून प्रसिद्ध केला, आणि त्या सव्वीसांत हिंदुस्थानच्या नावापुढे गिरिजाशंकर बाजपेयी यांची सही आहे. म्हणजे ज्या सनदेचा लाभ आम्हांला मिळावयाचा नव्हता तिच्या तत्त्वांना बांधून घेणाऱ्या जाहीरनाम्यावर मात्र आमची सही घेण्यात आली. सही होती, सत्ता नव्हती. आणि ज्याची सही असते परंतु सत्ता नसते त्याच्यावर जबाबदाऱ्या येऊन पडतात, अधिकार येत नाहीत, हे पुढील तीन वर्षांत हिंदुस्थानला पुरेपूर भोगावे लागले.

या मुलुखाला तो अनुभव नवा नव्हता. १८१८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा पाडाव झाल्यावर छत्तीसगडचा कारभार इंग्रज सुपरिंटेंडेंटाच्या हाती गेला व रतनपूरची जुनी राजधानी मागे पडून रायपूर मुख्य ठाणे झाले. आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले तेव्हा येथील रयतेला कुणी काही विचारले होते, असे दप्तर सांगत नाही. दूरच्या मसलतीत ठरावे आणि येथे अंमल व्हावा, हा क्रम जुनाच होता. महायुद्धात तो समुद्रापलीकडून येऊ लागला, इतकाच फरक.

क्वेबेक येथे ऑगस्ट १९४३ मध्ये आग्नेय आशियाचे स्वतंत्र लष्करी आधिपत्य निर्माण करून ते लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे सोपवण्याचा निर्णय झाला, आणि पूर्व हिंदुस्थान हा ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा पिछाडीचा तळ ठरला. रायपूरहून विजयानगरमकडे जाणारा लोहमार्ग १९३१ पासून चालू होता व त्याने हा भातपिकाचा प्रदेश विशाखापट्टणच्या बंदराशी जोडला होता. त्याच बंदरावर ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांचे बाँब पडले, तेव्हा युद्ध किती जवळ येऊन ठेपले आहे हे या मार्गावरच्या लोकांना कुणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. शहराबाहेर माना येथे विमानांकरिता धावपट्टी झाली ती याच युद्धकाळात. आज जेथे विवेकानंदांच्या नावाचा विमानतळ आहे आणि १९६४ नंतर जेथे पूर्व बंगालमधून आलेल्या हजारो निर्वासितांच्या छावण्या पडल्या, त्या मानाच्या माळाचा जगाच्या इतिहासाशी संबंध असा जुळला.

नोव्हेंबर १९४३ मधील कैरोच्या परिषदेची एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंदमान बेटे तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ जपान्यांच्या ताब्यात होती. चीनचे नेते चिआंग कै-शेक यांचे समाधान व्हावे म्हणून रूझवेल्ट यांनी त्यांना अंदमानवर समुद्रमार्गे चढाई करण्याचे वचन दिले. मग तेहरानला स्टालिनची गाठ पडली, पश्चिम युरोपातील स्वारीला अग्रक्रम मिळाला, उतरणाऱ्या सैन्याकरिता लागणारी जहाजे तिकडे हवी झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ते वचन मागे घेण्यात आले. भूमी हिंदुस्थानची, वचन देणारा अमेरिकन, घेणारा चिनी, मोडण्याचा आग्रह धरणारा इंग्रज. आणि या चारी बाजूंच्या वाटाघाटीत हिंदी मनुष्य कोठेच नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला जाऊन पोहोचले, हा योग आमच्या इतिहासकारांनी एकत्र मांडून दाखवावयास हवा.

परंतु बेटांची गोष्ट एकवेळ बाजूला ठेवू. चर्चिल क्वेबेकला निघण्याच्या अगदी तोंडावर, ४ ऑगस्ट १९४३ रोजी, ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळापुढे हिंदुस्थानकरिता पाच लक्ष टन धान्य आणण्याची मागणी आली होती, आणि जहाजे मोकळी नाहीत या सबबीखाली ती बहुतांशी नाकारली गेली. बंगालमध्ये तेव्हा माणसे रस्त्यावर मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने पुढे मृतांचा आकडा सुमारे १५ लक्ष धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लक्षांपर्यंत नेला. परिषदांच्या इतिहासात जहाजांच्या वाटपाचे तक्ते हा रुक्ष भाग म्हणून वगळला जातो, आणि येथेच वाचकाची फसगत होते. कारण कोणत्या किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचे याच्या चर्चेइतकीच कोणत्या बंदरात गहू उतरणार नाही याची निश्चिती त्या तक्त्यांत होत होती. मध्यप्रांत तांदळाच्या बाबतीत शिलकी प्रांत गणला जाई, आणि त्या शिलकीत छत्तीसगडचा वाटा मोठा. ज्या प्रदेशाला लोक ‘धान का कटोरा’ म्हणतात, तेथील शेतकऱ्याच्या कोठारातील धान्याचा भाव त्या वर्षांत का भडकला, याचे उत्तर रायपूरच्या गंजात शोधून सापडण्यासारखे नव्हते. ते उत्तर लंडनमधील एका हिशेबाच्या वहीत होते.

ती वही समजून घेतल्यावाचून देशमुखांच्या कामगिरीचे मोल कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश व हिंदुस्थान सरकारांमध्ये करार झाला की हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने सोसावा, आणि साम्राज्याच्या युद्धाकरिता येथे जो खर्च होईल तो ब्रिटनने भरून द्यावा. हे वाचताना न्याय्य वाटते. परंतु ब्रिटनने तो खर्च भरून दिला तो सोन्याने नव्हे, मालाने नव्हे, तर लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खाती पौंडांची नोंद करून. त्या नोंदीच्या तारणावर रिझर्व्ह बँकेने येथे नोटा छापल्या, आणि त्या नोटांनी तांदूळ, कापड, लाकूड, चामडे व मजुरी खरेदी करण्यात आली. युद्धापूर्वी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या; युद्ध संपेपर्यंत तो आकडा हजार कोटींच्या पुढे गेला. माल देशाबाहेर किंवा लष्कराकडे गेला, कागद खेड्यात आला, आणि लंडनच्या खात्यावर मात्र हिंदुस्थानचे येणे वाढत वाढत सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे त्या काळच्या दराने सतराशे कोटी रुपयांच्या आसपास, जाऊन पोहोचले. जो देश पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडचा ऋणको म्हणून ओळखला जात होता तो पाच-सहा वर्षांत त्याचा धनको झाला. परंतु त्या धनाचा प्रत्येक पैसा येथील गरिबाने महागाईच्या आणि अर्धपोटी राहण्याच्या रूपाने आधीच मोजून दिलेला होता.

या वहीचा प्रश्न घेऊन हिंदी शिष्टमंडळ जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला गेले. तेथील माउंट वॉशिंग्टन हॉटेलात १ ते २२ जुलै या काळात ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते, आणि युद्धानंतरच्या जगाकरिता आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या दोन संस्थांचे आराखडे त्यांना मुक्रर करावयाचे होते. हिंदी मंडळाचे नेतृत्व वित्तसदस्य सर जेरेमी रेझमन या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. सर थिओडोर ग्रेगरी हेही इंग्रजच. परंतु त्यांच्या जोडीला देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे तीन हिंदी होते, आणि या तिघांनी आपले काम चोख बजावले. श्रॉफ यांनी भर परिषदेत मागणी केली की या अडकून पडलेल्या येण्यापैकी निदान काही भाग निधीच्या द्वारे कोणत्याही चलनात वापरता येईल अशी सोय व्हावी. आमची स्थिती, ते म्हणाले, बँकेत दहा लक्ष डॉलर शिल्लक असूनही टॅक्सीच्या भाड्यापुरते पैसे खिशात नसलेल्या माणसासारखी झाली आहे. ब्रिटनच्या वतीने लॉर्ड केन्स यांनी सौजन्यपूर्वक परंतु निःसंदिग्ध नकार दिला: हे ऋण ब्रिटन सन्मानाने फेडील, मात्र त्याचा विचार ऋणको आणि धनको यांनी आपसांत करावयाचा आहे, परिषदेचा तो विषय नव्हे. मागणी फेटाळली गेली. तरी ४४ राष्ट्रांच्या टिपणवहीत ती नोंदली गेली, आणि ज्या ऋणावर चर्चिल उलट दावा लावून ते कापून घेऊ पाहत होते ते ऋण सन्मानाने फेडण्याचे ब्रिटनचे वचन जगाच्या साक्षीने झाले, हा लाभ मी क्षुल्लक मानीत नाही.

दुसरा वाद झाला तो वाट्यांचा. निधीत प्रत्येक राष्ट्राचा जो वाटा ठरेल त्याच्या प्रमाणात त्याला कर्ज व मत मिळावयाचे होते. वरकरणी राष्ट्रीय उत्पन्न, सोन्याचा साठा व परदेशी व्यापार यांवरून गणिती सूत्राने वाटे काढले होते. परंतु अमेरिकेच्या अर्थखात्यातील ज्या तज्ज्ञाने ते सूत्र रचले त्या मायकसेल यांनीच पुढे लिहून ठेवले की बड्या राष्ट्रांचा क्रम आधी सांगण्यात आला होता आणि सूत्र त्याला जुळेल असे बसवले गेले. चीनला ५५ कोटी डॉलर, फ्रान्सला ४५ कोटी, आणि हिंदुस्थानला प्रथम सुचवलेला आकडा त्याहून बराच लहान. आमच्या शिष्टमंडळाने तो मान्य केला नाही, आणि अखेर ४० कोटींवर निकाल झाला. पुढे सोव्हिएत रशिया निधीत आलाच नाही, तेव्हा हिंदुस्थान पहिल्या पाचांत जाऊन बसला व कार्यकारी मंडळावर आपला संचालक नेमण्याचा अधिकार त्याला मिळाला. स्वातंत्र्य तेव्हा अजून यावयाचे होते.

या वाट्याच्या वादात देशमुखांनी कोणत्या मनोवृत्तीने भाग घेतला असेल याचा विचार करताना मला रायपूरच्या बंदोबस्ताची आठवण होते. मध्यप्रांताच्या बंदोबस्तात निरनिराळ्या जमिनींना सापेक्ष अंक देऊन त्या एका मापावर आणण्याची पद्धत होती. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा या छत्तीसगडी मातींचे अंक वेगळे. त्यातही शेत सखल आहे की टिकऱ्यावर, पाणी धरून ठेवते की सोडते, यावरून अंकात चढउतार. मालगुजाराने सांगितलेली जमाबंदी एक असे, रयतेच्या ताब्यातली वस्तुस्थिती दुसरी, आणि पटवाऱ्याच्या खसऱ्यातील तिसरी. या तिन्ही ताडून पाहून आकारणी ठरवावयाची, हे सेटलमेंट ऑफिसरचे काम. ज्या माणसाने हे काम मन लावून केले असेल त्याला कोणत्याही सूत्राकडे पाहताना पहिला प्रश्न हाच सुचणार की हे अंक कुणी दिले आणि कुणाच्या सोयीने दिले. ब्रेटन वुड्सच्या सूत्राला नेमका हाच प्रश्न विचारण्यासारखा होता. राजकीय सत्ता हाती नसलेल्या देशाच्या प्रतिनिधीपाशी हिशेबाचे पक्के ज्ञान एवढेच शस्त्र होते, आणि ते या मातीत घासून धारदार झालेले होते, असे मी म्हणालो तर तो स्थानिक अभिमानाचा अतिरेक समजू नये.

एक आक्षेप येथे येणारच, आणि तो गंभीर आहे. देशमुख सनदी नोकर होते; ते ज्या सरकारच्या वतीने गेले त्याच सरकारने १९४२ च्या आंदोलनात देशातील नेत्यांना तुरुंगात डांबले होते, आणि या रायपूरचेच रविशंकर शुक्ल त्यांत होते. अशा सरकारच्या प्रतिनिधींना हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणावे काय? मी या प्रश्नाला बगल देऊ इच्छित नाही. लोकांनी त्यांना निवडले नव्हते, ही गोष्ट खरी. परंतु श्रॉफ हे १९४४ च्याच आरंभी प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या आर्थिक विकासाकरिता हिंदी उद्योगपतींनी आखलेल्या मुंबई योजनेच्या कर्त्यांपैकी एक होते. आणि मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हे निधीचे उद्दिष्ट असावे असा जो आग्रह शिष्टमंडळाने धरला, तो स्वतंत्र हिंदुस्थानच्या वकिलाला शोभेल असाच होता. ती सूचना जशीच्या तशी मान्य झाली नाही. तरी सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास, हे शब्द निधीच्या उद्देशकलमात आले. तुरुंगातील शुक्लांनी सत्तेचा प्रश्न लढवला, हॉटेलातील देशमुखांनी हिशेबाचा. पहिली लढाई जिंकल्यावर दुसऱ्या लढाईचे कागद स्वतंत्र सरकारच्या हाती तयार असावेत, हे देशाचे भाग्य.

आणि ते कागद लागलेच. लंडनच्या खात्यावरील त्या येण्याची, म्हणजेच स्टर्लिंग शिलकीची, वाटाघाट १९४७ व १९४८ मध्ये झाली तेव्हा ब्रिटनला ऋण नाकारता आले नाही. मात्र १९४८ च्या करारात इंग्रजांनी मागे ठेवलेले लष्करी साहित्य व बांधकामे यांच्यापोटी १० कोटी पौंड त्या शिलकीतून वळते झाले, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाकरिताही मोठी रक्कम बाजूला काढावी लागली. आपल्याच भूमीवर आपल्याच मजुरांनी उभारलेल्या तळांची किंमत आपणच चुकती केली. हा सौदा सर्वस्वी न्याय्य झाला, असे मला म्हणवत नाही. पण दुष्काळाच्या वर्षांत जमलेले ते येणे पूर्ण बुडाले नाही, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, देशमुख स्वतः अर्थमंत्री असताना, ते उपयोगी पडले.

एवढे सगळे असूनही आमचा पदवीधर विद्यार्थी याल्टाच्या तारखा घडाघडा सांगतो आणि ब्रेटन वुड्सचे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याखेरीज कुणाला ठाऊक नसते, ही स्थिती पालटावयास पाहिजे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात युद्धकालीन परिषदांचे प्रकरण शिकवताना कैरोचे अंदमान, ऑगस्ट १९४३ ची जहाजे आणि जुलै १९४४ ची स्टर्लिंग शिलक हे तीन विषय अवश्य यावेत, आणि त्यांच्या शेजारी युद्धकाळातील छत्तीसगडच्या धान्यव्यवहाराचे जिल्हा दप्तरातील कागद विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. या जिल्ह्यात आजही जातीच्या दाखल्याकरिता किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या तंट्यात लोक १९२८-२९ च्या सुमाराच्या बंदोबस्ताच्या मिसलीची, म्हणजे दप्तरी नोंदीची, नक्कल काढण्यास कचेरीत रांग लावतात. त्या पिवळ्या पडलेल्या कागदांना केवळ दाखल्यापुरते मोल आहे असे समजून ते जीर्ण होऊ देणे हा अक्षम्य हलगर्जीपणा होईल. त्या बंदोबस्ताच्या मुद्रित अहवालांसह त्यांचे जतन करून ते अभ्यासकांना खुले करणे, हे राज्य शासनाचे काम आहे. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सव व नाट्यप्रयोग यांची परंपरा चालवली, तशीच देशमुखांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवावे, ते मराठी व हिंदी दोन्ही भाषांतून व्हावे, आणि पहिल्या वर्षी त्याचा विषय स्टर्लिंग शिलक व छत्तीसगडचा शेतकरी हाच असावा, अशी माझी मंडळाच्या चालकांना आग्रहाची विनंती आहे.